पांढरी बुडाली, नावे तरी उरोत

सोलापूरला सोलापूर का म्हणतात, असे कोणालाही विचारा. शाळेतला पोरगा असो की बाजारातला व्यापारी, उत्तर ठरलेले असते. सोळा गावे मिळून हे शहर झाले, म्हणून सोलापूर. उत्तर सोपे आहे, ऐकायला गोड आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे. पुराव्याच्या कसोटीवर मात्र ते टिकत नाही. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचे गाव म्हणून जुन्या कानडी वाङ्मयात जे नाव येते ते आहे सोन्नलिगे. तेच पुढे घासत घासत सोलापूर झाले. 'सोन्नलिगे'चा अर्थ लोकांच्या ध्यानातून गेला तेव्हा कानाला ओळखीचा वाटणारा 'सोळा' त्या जागी येऊन बसला. मग त्या सोळाला शोभतील अशी सोळा गावेही लोकांनी गोळा केली.

यात सोलापूरकरांना हसण्यासारखे काही नाही. माणसाला अर्थावाचून राहवत नाही. नावाचा अर्थ हरवला की तो दुसरा अर्थ शोधतो. इंग्लंडातल्या यॉर्क शहराचे असेच झाले. इसवी सन ४३ मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरले. तिथल्या गावांना त्यांनी सगळी नवी नावे दिली नाहीत. तिथले केल्टिक लोक जी नावे घेत होते त्यांनाच लॅटिन झबले चढवून ती लिहून घेतली. त्यातले एक नाव एबुराकम. केल्टिक भाषेत त्याचा संबंध 'यू' नावाच्या सदाहरित झाडाशी. पुढे सॅक्सन लोक आले. त्यांना ते झाड ऐकू आलेच नाही. त्यांच्या भाषेत 'एओफोर' म्हणजे रानडुक्कर. म्हणून त्यांनी गावाला एओफोरविक केले. उत्तरेकडचे दर्यावर्दी आले, त्यांनी त्याचे योर्विक केले आणि शेवटी उरले यॉर्क. झाडाचे डुक्कर झाले, डुकराचे काहीच राहिले नाही. नाव मात्र दोन हजार वर्षे एकाच जागेवर पाय रोवून उभे आहे.

नावे ही अशी चिवट असतात. राज्ये जातात, भाषा बदलतात, देवळे पडतात. गावाचे नाव वाकते, झिजते, पण सहसा मरत नाही. म्हणूनच प्राचीन भूगोल शोधणाऱ्याला त्यांचा आधार वाटतो. आणि म्हणूनच त्यांच्याबाबतीत नुसत्या कानावर विश्वास ठेवून चालत नाही.

तगर कुठे गेले?

आपल्याकडचे याचे सर्वांत सुंदर उदाहरण सोलापूरच्या शेजारीच, धाराशिव जिल्ह्यात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडून येणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहितीवही लिहून ठेवली. ती 'पेरिप्लस' या नावाने ओळखली जाते. तीत आपल्या किनाऱ्यावरची कल्याण, सोपारा, चौल ही बंदरे त्याच्या उच्चारात भेटतात. घाटावरची दोन मोठी गावेही तो सांगतो. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून गोमेदासारखे दगड जात, तगरहून साधे कापड आणि मलमल. हा सगळा माल गाड्यांतून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जाई.

पैठण कुठे आहे हे सांगायला कोणाची गरज नव्हती. तगर मात्र हरवले होते. कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत, म्हणजे हे नगर काही सामान्य नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी ते कुठे कुठे शोधले! कोणी दौलताबाद म्हटले, कोणी जुन्नर, कोणी धारूर. प्रत्येकाजवळ एखादे कारण होते. १९०१ साली मुंबई इलाख्यात दीर्घकाळ सनदी नोकरी केलेले आणि शिलालेखांचे गाढे अभ्यासक असलेले जे. एफ. फ्लीट यांनी दाखवून दिले की तेरणेच्या काठचे तेर हेच तगर होय.

त्यांच्या निष्कर्षाला तीन बाजूंनी आधार मिळाला, आणि ही तीन बाजूंची रीत प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. पहिली बाजू जुन्या लिखाणाची. आजच्या नावावरून अर्थ लावायचा नाही. मिळेल तितके जुने लिहिलेले रूप धरायचे. दुसरी बाजू ध्वनीची. संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत येताना शब्द मनमानी बदलत नाहीत. दोन स्वरांमधले क, ग, च, ज, त, द हे बहुधा गळतात. 'तगर'मधला ग गळला, तयर झाले, तयरचे तेर. अशाच वाटेने प्रतिष्ठानचे पैठण, शूर्पारकाचे सोपारा आणि चेमूलचे चौल झाले. तिसरी बाजू जमिनीची. पैठण ते तेर हे अंतर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर भरते. भरल्या बैलगाडीला दहा दिवस लागावेत असेच ते आहे. दिशा मात्र नेमकी पूर्व नसून आग्नेय. फ्लीटनंतर पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझेन्स तेरला जाऊन आले. तिथले त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ मुळात बौद्ध चैत्य असावे असे त्यांच्या ध्यानात आले. पुढे गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांतून मिळणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी. उत्खननांनी सातवाहनकालीन वस्ती उघड केली. कागद, कान आणि कुदळ तिघांनीही एकच साक्ष दिली. वारकऱ्यांचे गोरोबाकाका ज्या गावात मडकी घडवीत त्या गावाचे मडके हजार-बाराशे वर्षे आधीच रोमपर्यंत ओळखीचे होते, असे म्हणायला हरकत नाही.

यातली एक जरी साक्ष सोडली तर काय होते ते भोकरदनवरून कळते. नुसत्या कानाने ऐकले तर भोकराचे झाड डोळ्यांपुढे उभे राहते. पण सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या नावांत या गावाचे लोक 'भोगवर्धन'चे म्हणून नोंदलेले आहेत. लेख नसता तर आपण भोकराची गोष्ट सांगत बसलो असतो.

भीमेच्या काठचे थर

आता उजनीच्या काठी येऊ. माढा, करमाळा आणि पलीकडचा इंदापूर या तालुक्यांतली गावे नुसती ओळीने वाचली तरी खणलेल्या चरातले थर पाहिल्यासारखे वाटते. टेंभुर्णी, पळसदेव ही झाडांची नावे. ती देणाऱ्यांनी समोर काय दिसत होते ते सांगितले. चिखलठाणमधले 'ठाण' म्हणजे संस्कृतातले स्थान. कुंभारगावात तिथला व्यवसाय बोलतो. तक्रारवाडीतला पहिला शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आलेला, तेव्हा आजच्या रूपात तरी ते नाव मुसलमानी अमलाच्या आधीचे असू शकत नाही. भीमानगर हे धरणाच्या कामाबरोबर आलेले, अगदी कालपरवाचे. आणि खुद्द उजनी? उज्जयिनीचे प्राकृतात उज्जेणी होते आणि उज्जेणीची उजनी व्हायला ध्वनीचे नियम आड येत नाहीत. पण एवढ्यावरून माळव्यातल्या महाकालाशी नाते जोडायला निघणे म्हणजे पुन्हा सोळा गावे गोळा करणे. ध्वनीची साक्ष मिळाली, कागदाची आणि कुदळीची बाकी आहे. तोवर हे अनुमान कच्चेच समजायचे.

याच नदीच्या खालच्या अंगाला पंढरपूर आहे. तिथे तेराव्या शतकातल्या लेखात 'पंडरगे' हे नाव येते. सोन्नलिगे, पंडरगे, आणि आजही अक्कलकोट तालुक्यात नांदणारी करजगी, मैंदर्गी ही गावे. हा 'गे-गी'चा शेवट कलबुर्गीपर्यंत कानडी मुलखात पावलोपावली भेटतो. ब्रिटनमध्ये जे केल्टिक भाषेचे, तेच आपल्याकडे बऱ्याच प्रमाणात द्रविड भाषांचे आहे. वरच्या थराखाली त्यांची नावे तग धरून आहेत. डोंबिवली, कांदिवली यांतल्या 'वली'चा 'पल्ली-हळ्ळी'शी संबंध फ्रँकलिन साउथवर्थ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी नकाशावर ठिपके देऊन मांडला. त्याआधी शं. बा. जोशी यांनी मराठी संस्कृतीच्या कानडी मुळांचा आग्रहाने शोध घेतला, विश्वनाथ खैरे यांनी तमिळकडे बोट दाखवले. आणि त्याही आधी इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावांच्या नावांवरून महाराष्ट्रात वसाहत कशी झाली याची मांडणी केली; त्यांची नजर अर्थातच संस्कृताकडे होती.

हे सगळे मोठे लोक. पण त्यांच्या अनुयायांचे वाद वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे. गावाचे नाव संस्कृत ठरले की आम्ही जिंकलो आणि कानडी ठरले की आम्ही हरलो, असा एक सूर त्यात असतो. इंग्रजांना यॉर्कचे नाव केल्टिक निघाले म्हणून कोणी कमी लेखत नाही. भीमेच्या काठी कानडी बोलणारे होते, मराठी बोलणारे होते, आजही दोन्ही घरांत मुली दिल्या-घेतल्या जातात. पंढरीचा विठोबा दोन्ही भाषांत ओव्या ऐकतो. तेव्हा नाव कोणाचे, यापेक्षा ते किती जुने आणि त्याच्याखाली जमिनीत काय आहे, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

पांढरी म्हणजे काय?

हा प्रश्न सोडवायची किल्ली आपल्या शेतकऱ्याच्या बोलीतच आहे. गावाचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शेकडो वर्षे घरे बांधली, पडली, चुलींची राख साठली, भिंतींची माती विरघळली. ती जमीन पांढुरकी होते. वस्ती उठून गेली तरी रंग जात नाही. म्हणून ज्या शेताला लोक 'पांढरीचा मळा' किंवा 'पांढरीचे टेकाड' म्हणतात तिथे पुरातत्त्वज्ञ आधी जातो. सरकारी नकाशात ते नाव नसते. ते असते नांगर धरणाऱ्याच्या तोंडी.

भीमेच्या खोऱ्यातलेच इनामगाव पाहा. घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात. नाव ऐकून वाटते, कोणाला तरी इनाम मिळाले असेल. फार तर काही शतकांची गोष्ट. पण डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे खणले तेव्हा इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे गाव हाती आले. शंभराहून अधिक घरे, धान्याची बळदे, घराच्या जमिनीखाली पुरलेली माणसे. पुराचे पाणी वळवून शेताला देण्यासाठी काढलेला पाट आणि त्याला घातलेला बांधही निघाला. उजनीच्या आधी तीन हजार वर्षे या खोऱ्यात पाणी अडवायची विद्या होती! गावाच्या नावाने यातले एक अक्षरही सांगितले नव्हते. मोठी नावे बदलतात, मालक नवा आला की नवी पाटी लागते. जुने काही टिकते ते रानांच्या, ओढ्यांच्या, डोहांच्या लहान लहान नावांत.

आणि नेमकी हीच लहान नावे उजनीच्या पाण्याखाली गेली आहेत.

नंबर आला, नाव गेले

रानांच्या नावांवर पहिला घाला धरणाने घातला नाही, हेही सांगितले पाहिजे. पेशवाईपर्यंत गावची जमीन थळांत वाटलेली असे आणि थळाला नाव असे. पुष्कळदा ते नाव ज्या कुळाने ती जमीन प्रथम लागवडीला आणली त्याचे. कूळ बुडाले, गतकुळी झाली, तरी थळाचे नाव चालूच. मग इंग्रज आले. मुंबई इलाख्याची जमीन मोजणीची जी पद्धत पुढे सगळीकडे गेली तिचा आरंभ १८३६ च्या सुमारास याच इंदापूर तालुक्यात झाला. गोल्डस्मिड आणि विंगेट हे तिचे कर्ते. प्रत्येक शेताला हद्दीचे दगड मिळाले आणि सर्व्हे नंबर मिळाला. सारा ठरवायला ते सोयीचेच होते. पण कागदावरून नाव गेले आणि नंबर आला. नाव फक्त तोंडी राहिले.

दुसरा घाला धरणाचा. १९८० साली उजनी पूर्ण झाले, यशवंतसागर भरला. ११७ टीएमसीचा हा जलाशय. त्यात निम्म्याहून अधिक तर मृतसाठाच. पाण्याखाली गावठाणे गेली आणि नदीकाठची सर्वांत जुनी, सर्वांत सुपीक जमीन गेली. माणसे पाण्यापासून पहिली वस्ती नदीकाठीच करतात, म्हणजे जुन्यातली जुनी पांढर जिथे असायची तीच जागा पहिली बुडाली. लोक वर माळावर गेले. काहींनी जुने नाव बरोबर नेले, पण एका गावाच्या दोन-तीन वसाहती झाल्या. सरकारने त्यांना क्रमांक दिले. करमाळा तालुक्यात केत्तूर नंबर १ आहे आणि केत्तूर नंबर २ आहे. वांगीलाही असेच आकडे आहेत. आधी शेताचे नाव जाऊन नंबर आला होता. आता गावाच्या नावालाच नंबर चिकटला.

उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा या काठाने मी हिंडलो आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेले. पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडले, कुगावकडे जुन्या वाड्याच्या भिंती दिसू लागल्या आणि माणसे मोटारी घेऊन बघायला आली. फोटो निघाले, बातम्या आल्या. एका गावी पारावर बसलेल्या सत्तरीपुढच्या बाबांना मी त्यांच्या बुडालेल्या रानांची नावे विचारली. त्यांनी बोटांवर मोजत सतरा सांगितली. त्यांत म्हसोबाचा माळ होता, गाढवलोळ होता, पांढरीची पट्टी होती. आणि मग म्हणाले, "लिवून काय उपेग सायेब? तितं आता मासं हायती. माशाला कशाला पायजे रानाचं नाव?" शेजारी त्यांचा नातू उभा होता. त्याने त्यातले एकही नाव पूर्वी ऐकले नव्हते.

बाबांचा प्रश्न खोटा नाही. ज्यांनी घर सोडले, ज्यांच्या पदरी पडलेल्या जमिनीचे आणि नागरी सोयींचे रडगाणे वर्षानुवर्षे संपले नाही, त्यांच्यापुढे जाऊन नावांची यादी मागणे हा शहरी शौक वाटू शकतो. या पाण्यावर ऊस उभा राहिला, केळी आली, मासेमारी आली, सोलापूर शहराची तहान भागली. हेही नाकारता येत नाही. धरण नको होते असे मी म्हणत नाही. पण धरणासाठी ज्यांनी गाव दिले त्यांच्या गावाची आठवण नीट लिहून ठेवणे एवढे तरी आपले देणे लागते. शिवाय ही नावे निव्वळ आठवण नव्हेत, तो पुरावा आहे. लाटांनी पांढर दरवर्षी थोडी थोडी धुपते आहे, खापरे गाळात मिसळत आहेत. जमिनीची साक्ष अशी पुसट होत असताना नावांचीही साक्ष गेली तर पुढच्या फ्लीटने कशाच्या आधारावर बोट ठेवायचे? ब्रिटनमध्ये विंडोलँडा या रोमन ठाण्यातल्या चिखलात १९७३ पासून लाकडी पाट्या मिळत गेल्या आणि जागेचे नाव तिथल्याच लोकांच्या हस्ताक्षरात वाचायला मिळाले. असे भाग्य आपल्या वाट्याला येईलच असे नाही.

काम फार मोठे नाही आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही. काठच्या गावांत माध्यमिक शाळा आहेत. आठवी-नववीच्या मुलांनी आपल्या आजी-आजोबांना बसवून बुडालेल्या शिवाराची नावे विचारावीत. थळे, ओढे, उतार, डोह, बांधावरची झाडे, वेशीवरचे देव. आजींना विसरू नये. पाणवठ्याची आणि वाटांची नावे पुरुषांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असतात. नाव जसे उच्चारतात तसेच लिहावे. गुरुजींनी ते शुद्ध करू नये, अर्थ तर मुळीच लावू नये, कारण शुद्ध करण्याच्या नादातच सोन्नलिगेचे सोळा होते. भूमिअभिलेख कार्यालयात बुडालेल्या गावांचे जुने नकाशे आहेत. त्यांच्या प्रतीवर ती नावे त्या त्या सर्व्हे नंबरात बसवावीत आणि एक प्रत ग्रामपंचायतीत, एक जिल्ह्याच्या ग्रंथालयात, एक डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेत ठेवावी. 'पांढर' हा शब्द जिथे जिथे येईल तिथे लाल खूण करावी. पाणी उतरेल त्या वर्षी अभ्यासकांनी त्या खुणांवर आधी जावे.

गावे उठली तेव्हा विशीत असलेली माणसे आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्यानंतर ही नावे सांगणारे कोणी उरणार नाही. त्यांच्या मुलांनी ती राने पाहिलेलीच नाहीत. धरण दर पावसाळ्यात पुन्हा भरेल. बाबांच्या बोटांवरची सतरा नावे मात्र एकदाच मोजता येतील. मी ती लिहून घेतली आहेत, म्हणजे एका गावातल्या एका माणसाची झाली. बाकीच्या गावांतून कोणी वही-पेन्सिल घेऊन बसणार असेल तर पुढचा पावसाळा यायच्या आत बसावे.